समाधान या शब्दाचं हिंदी

जबलपूरच्या मराठी घरात वाढणाऱ्या मुलांना काही शब्द दोनदा शिकावे लागतात. शाळेत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि घरी शिक्षा म्हणजे कोपऱ्यात उभं राहणं. शाळेतल्या बाई ‘चेष्टा करो’ म्हणाल्या की प्रयत्न करायचा, आणि घरी चेष्टा केली की ओरडा खायचा. ‘समाधान’ हा त्याच गोत्रातला शब्द. हिंदीत समाधान समस्येचं असतं. गणिताचं असतं, नळाच्या तक्रारीचं असतं, दोन भावांतल्या वाटणीच्या भांडणाचं असतं. मराठीत समाधान असायला आधी समस्या लागत नाही. पोटभर जेवून ताटावरून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ते दिसतं. मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्यात ये-जा करून पोट भरण्यात माझी वीस वर्षं गेली, पण या शब्दापाशी कधी अडले नव्हते. गेल्या वर्षी अडले.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहतात. मूळच्या अहमदनगरच्या, ख्रिस्ती, लग्न होऊन इकडे आल्या. यजमान गन कॅरेज फॅक्टरीत होते. मावशींचं नगरी मराठी पन्नास वर्षांच्या जबलपुरी हिंदीखाली अजून शाबूत आहे. सकाळी अंगणात पाणी मारताना त्या रेव्हरंड टिळकांची भजनं गुणगुणतात. एके दिवशी त्यांनी एक झेरॉक्सची चवड माझ्या हातात ठेवली. पंडिता रमाबाईंची इंग्रजी ‘साक्ष’, १९०७ सालची.

“अगं, एवढं हिंदीत करून दे,” त्या म्हणाल्या. “नातवंडांना मराठी वाचता येत नाही. इंग्रजी वाचतात, पण ते परीक्षेपुरतं. बाईंना समाधान कसं मिळालं ते त्यात लिहिलंय. पोरांनी ते वाचावं, एवढंच.”

पुस्तिका लहान आहे. आठवड्याचं काम, असं मी मनात म्हटलं. चार महिने लागले.

इथे एक कबुली देऊन ठेवते. मी ख्रिस्ती नाही, आणि ‘साक्ष’ या लेखनप्रकाराविषयी माझ्या मनात जरा अढी होती. तौलनिक साहित्याच्या वर्गात ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ शिकले तेव्हापासून त्याचा साचा ओळखीचा झाला होता: आधी अंधार, मग घालमेल, मग एक क्षण, मग प्रकाश आणि शेवटी स्तुती. ऑगस्टीनला तो क्षण ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत लाभला आणि पुढच्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. क्रम सरळ आहे. आधी आतलं बदललं, मग बाहेरचं. रमाबाईंचीही वाट अशीच असणार, असं मी गृहीत धरलं होतं.

ती तशी नाही. त्यांनी बाप्तिस्मा घेतला २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे. आणि ज्याला त्या स्वतः सुख म्हणतात ते त्यांना त्यानंतर आठ वर्षांनी मिळालं. मधल्या आठ वर्षांबद्दल त्या सांगतात की धर्म हाती आला होता, ज्याच्यामुळे त्या धर्मात जीव आहे तो मात्र नाही. हे वाक्य लिहायला धैर्य लागलं असणार. ज्या धर्मांतरासाठी पुण्याने त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं, मिशनऱ्यांनी ज्याचा गाजावाजा केला, ते धर्मांतर झालं त्या दिवशी आपण आतून रिकाम्याच होतो, हे त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर छापून टाकलं.

रिकामपण कुठून आलं होतं ते समजायला मागे जावं लागतं. रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवण्याचा हट्ट धरून बसलेले, आणि पुढे तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरणारे. पुराणिकाच्या घरची ही मुलगी हजारो श्लोक मुखोद्गत करून वाढली. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि नवससायासांत संपलं, काबाडकष्ट करण्याची सवय नव्हती, भीक मागायची लाज. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली बहीण-भावंडं, रमा आणि श्रीनिवास, देशभर पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. साक्षीत त्या या मानाबद्दल जेमतेम बोलतात. बोलतात ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल: स्त्रियांपुढे व्याख्यानं देता यावीत म्हणून त्यांना धर्मशास्त्रं वाचायला सांगण्यात आलं, आणि वाचता वाचता कळलं की एरवी एकमेकांशी पटवून न घेणारे हे ग्रंथ एका बाबतीत एकमताचे आहेत. बाई म्हणून बाईला मोक्ष नाही. श्रद्धेला पहिला तडा गेला तो कोणा मिशनऱ्याच्या बोलण्याने नाही. आपलंच पाठांतर नीट वाचल्याने.

कलकत्त्यातलाच एक प्रसंग अनुवाद करताना मला फार आवडला. एका ख्रिस्ती प्रार्थनासभेला ही भावंडं पाहुणी म्हणून गेली. सगळे लोक उठून खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसले. यांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! निघताना कुणी संस्कृत बायबल भेट दिलं. रमाबाईंनी ते उघडलं आणि मिटलं. ज्या संस्कृतात त्या वाढल्या त्याच्याशी त्या संस्कृताचं काही नातं त्यांना लागेना. कालिदास तोंडपाठ असलेल्या मुलीला ते संस्कृत दिलं होतं, आणि ती भाषाच परकी निघाली. अनुवादकांनी हा प्रसंग भिंतीवर लावून ठेवावा, असा आहे.

पुढचे धक्के लागोपाठ आले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि सिल्चरला संसार मांडला. १८८२च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. मांडीवर वर्षाचीही न झालेली मनोरमा. सिल्चरच्याच घरात त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं, आणि एक बॅप्टिस्ट मिशनरी येऊन त्यातलं समजावून सांगत असे. संस्कृत बायबलाने जे साधलं नाही ते एका छोट्या बंगाली पुस्तकाने सुरू केलं.

पुण्यात आल्यावर गाठ पडली ती नीळकंठशास्त्री गोऱ्यांशी. या माणसावर थोडं थांबायलाच हवं. एक तर तो आमच्यासारखाच, महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी. आणि दुसरं, समाधान या शब्दाची हिंदी बाजू मला त्याच्याचमुळे कळली.

गोऱ्यांचा जन्म १८२५चा, बुंदेलखंडातला. घराणं चित्पावन, वाढले काशीत. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती मताचं खंडन करायला लेखणी उचलली. जॉन म्यूर या स्कॉटिश पंडिताच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिलं, तेव्हा ते विशीच्या आसपास होते. खंडनासाठी बायबल वाचता वाचता त्यांचं स्वतःचंच उत्तर डळमळलं. १८४८ साली जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नाव घेतलं नेहेम्या. मग त्याच धारदार तर्काने त्यांनी उलट दिशेला वार केले; ‘षड्दर्शनदर्पण’ हा सहा दर्शनांचं खंडन करणारा त्यांचा ग्रंथ हिंदीत आहे. मराठी माणसाने काशीत बसून हिंदीत लिहिलेलं इतकं काटेकोर गद्य त्या काळात दुसरं मला माहीत नाही.

पण या माणसाला चैन पडली नाही. आधी हिंदू असताना शंका, नंतर ख्रिस्ती झाल्यावरही शंका. इंग्लंडमधल्या काउली इथल्या एका संन्यस्त संघात त्यांनी उमेदवारी पत्करली, पण अखेरची व्रतं घेतली नाहीत. त्यांचं चरित्र वाचताना वाटतं की प्रत्येक प्रश्नाचं उत्तर हाती आल्यावर त्या उत्तरावरच त्यांना नवा प्रश्न पडत असे. शास्त्रांच्या परंपरेत याला शंकासमाधान म्हणतात: पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धान्त. गोरे आयुष्यभर हेच करत राहिले. समाधानं त्यांना शेकडो मिळाली, हिंदीतली. मराठीतलं एक मिळालं की नाही, देव जाणे. तरीही रमाबाई लिहितात की त्यांच्या बुद्धीची खात्री पटवली ती गोऱ्यांच्याच लेखनाने, आणि त्यांच्या नम्र बोलण्याचा आपल्यावर ठसा उमटला. स्वतः अस्वस्थ असलेल्या माणसाने दुसऱ्याला दार उघडून दिलं.

त्यांच्या मुलीची गोष्ट आणखी वेगळी. एलेन लक्ष्मी, जन्म १८५३, बनारस. जन्मानंतर थोड्याच काळात आई गेली. पुढे एका इंग्रज मिशनरी कुटुंबाने तिला वाढवलं, इंग्लंडला नेलं. मराठी तिच्या वाट्याला आलीच नाही. १८८०च्या सुमारास ती भारतात परतली, आणि देवाच्या सान्निध्यात लपून बसण्याच्या आनंदावर तिने इंग्रजीत लिहिलेलं एक गीत पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रार्थनासभांमध्ये गायलं जाऊ लागलं. बापाने तीन भाषांत वाद घातले आणि लेकीने परक्या भाषेत निःशंक गाणं लिहिलं. यातून काही सिद्धान्त काढावा असं मला वाटत नाही, पण हे दोघं एकाच घरातले होते हे विसरताही येत नाही.

रमाबाईंकडे परत येते. इंग्लंडला त्या १८८३ साली गेल्या त्या वैद्यकी शिकायला. कानांना कमी ऐकू येऊ लागल्याने ते राहिलं. लंडनजवळच्या फुलहॅम इथे वाँटेजच्या सिस्टरांचं, ‘वाट चुकलेल्या’ म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीचं काम त्यांनी पाहिलं आणि त्या हलल्या. आपल्याकडे अशा स्त्रीला कुणी माणसात घेत नाही, या बायका कशासाठी घेतात? उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ज्या धर्मग्रंथात अशा बाईशी देव उन्हात उभा राहून बोलतो, त्या ग्रंथाकडे त्यांनी मान वळवली. कलकत्त्यात वाचलेल्या शास्त्रांना मिळालेला हा जबाब होता.

पण जबाब मिळणं म्हणजे समाधान नव्हे, हे पुढच्या वर्षांतल्या पत्रांत दिसतं. त्यांच्यासोबत भारतातून आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली होती. ते ओझं होतं. त्रैक्याचं तत्त्व, चर्चचे मतभेद, बिशपांची आज्ञा यांवरून सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून खडाजंगी चालू होती. मोठ्या कष्टाने आपल्या पुरोहितांचं जोखड मानेवरून उतरवलं, ते आता दुसऱ्या पुरोहितांचं घ्यायला नाही, असा त्यांचा सूर. ही पत्रं वाचताना मला त्या फार जवळच्या वाटल्या. भांडणारी, हिशेब मागणारी, कुणाच्या कृपेखाली राहायला नकार देणारी बाई. शांत मुळीच नाही.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ लिहिलं, पैसा उभा केला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. बाहेरून पाहिलं तर सगळं मिळालं होतं. १८९१च्या सुमारास त्यांच्या हातात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र आलं. हा गृहस्थ कित्येक वर्षं चर्चमध्ये प्रवचनं देत होता आणि आपल्यालाच काही लाभलेलं नाही हे त्याला उशिरा उमगलं. रमाबाईंनी त्याच्यात स्वतःला ओळखलं.

मग काय झालं? साक्षीतला हाच भाग मला हिंदीत आणता येईना. कारण सांगण्यासारखं फारसं घडत नाही. बाग नाही, आवाज नाही, प्रकाश नाही. आपण काही करून हे मिळवायचं नाही, ते दिलं जातं, एवढं त्यांना पटतं आणि त्या ते घेतात. तीर्थयात्रा, नवस, पाठांतर, पांडित्य, वादविवाद, संस्था: जन्मापासून ज्या बाईने प्रत्येक गोष्ट कष्टून मिळवली तिने इथे हात पसरला. मी ‘शांति’ लिहून पाहिलं. हिंदीत ते सभा सुरू होण्याआधीच्या घोषणेसारखं वाटलं. ‘आनंद’ लिहिलं, त्या शब्दाला वेदान्ताचा वास, आणि रमाबाईंना तो चालला नसता. ‘सुख’ लिहिलं तर सुख-सुविधा आठवतात. मराठीत मी एका क्षणात ‘समाधान’ लिहिलं असतं. हिंदीत तेच लिहिलं असतं तर गोऱ्यांची गोष्ट झाली असती.

या टप्प्यावर काम थांबवून मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली. एकाच्या समाधानाची किंमत घरातलं दुसरं माणूस कशी चुकवतं, ते मराठीत त्यांच्याइतकं कुणी सांगितलेलं नाही. नारायण वामन टिळकांची वाटही याच प्रदेशातून गेली: १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरलं ते सोडलं नाही. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. त्यांना जे मिळालं ते खरं होतं यात शंका नाही, पुढच्या अभंगांत ते ओसंडून वाहतं. पण त्याच काळात लक्ष्मीबाई सोलापूर-पंढरपूरकडे नातलगांच्या आश्रयाला, पोराला छातीशी धरून, वेड लागायची पाळी आलेल्या. दोघं पुन्हा एकत्र राहू लागली ती काही वर्षांनी, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पावलांनी चालत जाऊन. नवऱ्याच्या मागोमाग नाही. साक्षींच्या पुस्तकांत हा हिशेब सहसा नसतो. रमाबाईंच्या बाबतीत चुकवायला घरात कुणी उरलंच नव्हतं. एक मनोरमा सोडली तर सगळी माणसं आधीच गेली होती.

किंमत त्यांनी दुसरीकडे चुकवली. १८९३ साली शारदा सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले. मुलींचे पालक मुली घेऊन गेले. म्हणजे आतलं समाधान लाभल्याला दोन वर्षं होतात न होतात तोच बाहेरचा आधार निघून गेला. साक्षीत या वादळावर आदळआपट नाही. वाँटेजच्या पत्रांतली बाई आणि ही बाई यांच्यातला फरक मला इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसला.

आणि मग १८९६. पाऊस गेला, आणि मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आमच्या जिल्ह्याचे आकडे कुणालाही बघता येतील: १८९१च्या खानेसुमारीत जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ४८ हजारांवर होती, १९०१ साली ती ६ लाख ८० हजारांवर आली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटली. रॉयटरचा बातमीदार मेरवेदर या दुष्काळाच्या दौऱ्यात जबलपूरलाही येऊन गेला आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा लोहमार्ग १८७० साली जबलपूरला जोडला गेला होता; गाड्या होत्या, धान्यही होतं, विकत घ्यायला लोकांकडे पैसा नव्हता. शहरात आज या दुष्काळाची आठवण सांगणारा दगड मला कुठे दिसलेला नाही. आम्हाला शाळेत भेडाघाट, राणी दुर्गावती आणि स्लीमनचे ठग शिकवले, हे नाही.

मध्य प्रांतातली बातमी पुण्यात पोचली तेव्हा रमाबाईंनी आधी कानाडोळा करायचा प्रयत्न केला. पैसा नव्हता, अमेरिकेतून येणारी मदत शारदा सदनातल्या विधवांसाठी होती. पण आई-वडिलांच्या दुष्काळातल्या मरणाची आठवण गप्प बसू देईना, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्या निघाल्या. १८९७ साली त्यांनी या प्रवासाचं जे वर्णन छापलं ते वाचवत नाही. सरकारने उघडलेलं पहिलं निराश्रितगृह त्यांना दिसलं ते घर नव्हतंच; गावाबाहेरची एक राई, आणि तिच्यात राखेत-मातीत पडलेली माणसं. त्याहून वाईट म्हणजे अशा ठिकाणी पोरक्या मुलींवर टपलेले पुरुष, आणि पोटासाठी विकल्या जाणाऱ्या मुली. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि तरुण विधवा गोळा केल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. बाहेरची माणसं शहरात आणायला मनाई झाली. म्हणून या मुली गेल्या दौंडच्या अलीकडे, केडगावला, जिथे फळबागेसाठी म्हणून घेतलेली माळरानाची जमीन होती. तिथल्या तंबू-झोपड्यांतून मुक्ती मिशन उभं राहिलं. १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

शांत झालेली बाई गप्प झाली असंही नाही. मे १८९७मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळांत आणि छावण्यांत बायकांची काय दशा होते यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जळजळीत पत्र लिहिलं. सरकार चिडलं. त्या डगमगल्या नाहीत.

हे वाचत असताना मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली. मध्य प्रांताच्या आमच्या बाजूच्या मुलींची बोली मराठी नव्हती. हिंदी, बुंदेली, कुणाची गोंडी. त्या नर्मदेच्या खोऱ्यातून उठून भीमाकाठच्या मुलखात गेल्या आणि मराठी झाल्या. तिथे छापखाना होता, खिळे जुळवण्यापासून पुस्तकं बांधण्यापर्यंतची कामं मुली करत. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतलं, ते जेमतेम वाचता येणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून. जड संस्कृत शब्द काढायचे, आणि हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्दही काढायचे, असा दुहेरी पण त्यांनी केला. जिच्या जिभेवर संस्कृत खेळत होतं तिने. भाषांतर म्हणून ते अनेक ठिकाणी अडखळतं. मूळ शब्दाला इतकं चिकटतं की मराठी वाकते. मी तरी ते आवडीने वाचायला घेणार नाही. पण कलकत्त्यात मिळालेलं ते संस्कृत बायबल आठवलं की हा हट्ट कुठून आला ते कळतं. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली, चाळिशीत. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

लेकीच्या मरणानंतरचे ते आठ-साडेआठ महिने मी पुष्कळदा मोजले. माझी आई गेल्याला तेव्हा वर्ष होत होतं, आणि मला त्या वर्षात एक पानही धड लिहिता आलं नव्हतं. साक्षीवरची अढी तिथे सुटली, एवढंच सांगते.

अनुवाद पुरा करून मी मावशींकडे गेले. जिथे जिथे शब्द अडला होता तिथे शेवटी हार मानून ‘समाधान’च ठेवलं होतं, मनाशी म्हटलं, प्रसंगातून कळेल. त्यांचा नातू, बारावीतला, मोठ्याने वाचू लागला. मावशींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्या डोळे मिटून ऐकत होत्या. १८९१शी आला आणि मुलगा थांबला.

“आजी, ये किस चीज़ का समाधान मिला इनको? प्रॉब्लम तो वैसी की वैसी है।”

मावशी हसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्याला हिंदीत म्हणाल्या, “तेरे आजोबा गए, उसके बाद मैं पहली बार रात भर सोई थी। याद है? सुबह तूने मुझे उठाया था, चाय लेके।” तो म्हणाला, हो. “बस, वो।”

मी त्यांच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि तो शब्द खोडला. वर ‘चैन’ लिहिलं. उर्दू-हिंदीतला साधा, बाजारातला शब्द. रमाबाईंच्या कडक यादीत तो पास झाला असता की नाही, कोण जाणे. मावशी म्हणाल्या, राहू दे. मग पोराला म्हणाल्या, “आगे पढ़। अकाल वाला आएगा अभी, वो इधर का है।”